धारच्या सभेत समुद्र

धारला मी चारचौघा पुरुषांसमोर उभी राहून बोलले, हे खरं आहे. बाकी जे मुंबईत पसरलं आहे, म्हणजे मी डोक्यावरचा पदर टाकला, सरदारांना मूर्ख म्हटलं, पाऊस पडणारच नाही असा शाप दिला, ते सगळं खोटं. आमच्या मंडळातल्या बायका मला रोज एक एक विचारतात आणि मी रोज एक एक उत्तर देते, त्यापेक्षा माळव्याचा सगळा प्रवासच लिहून काढते. ज्यांना हसायचं आहे त्यांनी निदान खऱ्या गोष्टीला हसावं.

आधी थोडं घरातलं. माझे यजमान हवामानाच्या कचेरीत नोकरीला आहेत. दूरदूरच्या समुद्रांवरून येणाऱ्या आगबोटींचे कप्तान वाऱ्याची दिशा, हवेचा दाब, बादलीने वर ओढलेल्या पाण्याची ऊब असं सारं टिपून ठेवतात, आणि ते आकडे जुळवण्याचं काम ह्यांच्याकडे असतं. ह्यांचे डोळे अधू. त्यामुळे संध्याकाळी मी आकडे वाचायचे आणि हे मांडायचे. पुढे पुढे मीच मांडू लागले. माझं माहेर रत्नागिरीचं. समुद्र माझ्या दारात होता, पण तो पावसाच्या दोन-तीन महिने आधीच पावसाची बातमी देतो हे मला मुंबईच्या खोलीत, कंदिलाशेजारी बसून कळलं.

धारजवळ जहागीर असलेले एक मराठा सरदार मुंबईत ह्यांना भेटले होते. पावसाचं अनुमान आधी कसं बांधतात यावर आमच्याकडे येऊन बोला, असं त्यांनी आग्रहाचं बोलावणं केलं. ह्यांच्या मामी देवासला असतात. ह्यांचे मामा वारल्यापासून त्यांची भेट नव्हती. तेव्हा आधी देवास, मग धार, असं ठरवून आम्ही वैशाखात निघालो. वैशाखात माळव्यात जाणाऱ्याला लोक वेडा म्हणतात. तसं ते आम्हाला निघण्यापूर्वीच म्हणून झालं होतं.

देवास

खांडव्याला गाडी बदलली. पुढची गाडी लहान, जणू मोठ्या गाडीची धाकटी बहीण. नर्मदा ओलांडताना डब्यातल्या बायांनी हात जोडले, मीही जोडले. मग गाडी विंध्याच्या घाटात धापा टाकत वर चढली, आणि वर पोचल्यावर एकदम सपाट, काळी, भेगाळलेली जमीन. डोंगर चढून गेलं की पलीकडे उतार लागतो, ही कोकणातली माझी समजूत. इथे डोंगर चढलं की सरळ दुसऱ्या मजल्यावर गेल्यासारखं होतं.

इंदुरापासून देवासला टांग्याने गेलो. मामींनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "अगं, आधी अंदर ये, धूप किती तेज आहे! पाय नंतर धू." मामींचं मराठी असं. देवाजवळ बसल्या की आमच्या आजीच्या वेळचं, एकही परका शब्द नसलेलं, आणि देवघरातून बाहेर आल्या की अर्धं हिंदी, पाव माळवी. टांगेवाल्यालाही त्या "भिया, सामान जरा धीरे!" म्हणतात, आणि भाजीवाल्यालाही भियाच.

देवासची मौज अशी की गाव एक आणि राज्यं दोन. थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या अंगाला एकाचा अंमल, त्या अंगाला दुसऱ्याचा. मामींचं घर थोरल्या पातीत, आणि त्यांची गवळीण धाकट्या पातीतली. "आमचं दूध रोज परमुलखातून येतं," मामी सांगतात. मी टेकडीवर देवीला गेले तेव्हा वरून दोन्ही पात्या पाहिल्या. कुठे काय तुटलं आहे ते काही दिसेना. दोन्हीकडची कौलं सारखीच तापलेली, आणि दोन्हीकडच्या विहिरींवर बायका सारख्याच खोल वाकलेल्या.

इथे मी दाल-बाफले पहिल्यांदा खाल्ले. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजायचे, आणि फोडून तुपात बुडवायचे. वर वरण. आम्ही भात खाणारी माणसं. दोन बाफल्यांनंतर मला उठवेना, आणि मामी तिसरा वाढायला उभ्या. "नको" या शब्दाला माळव्यात काही अर्थ नाही.

देवासच्या शाळेत ह्यांचं व्याख्यान झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पानसुपारी झाली, प्रश्न एकानेही विचारला नाही. हे खूश झाले. मला ते आवडलं नाही. ज्या गोष्टीवर माणसांचं जगणंमरणं आहे, ती ऐकून माणसं नुसती मान डोलावतात, म्हणजे एक तर ती त्यांना कळली नाही, नाहीतर आपण ती फार गोड करून सांगितली. मी हे बोलून दाखवलं. हे म्हणाले, "मी सरकारी नोकर आहे. यंदाचं अनुमान बाहेर बोलायची मला मुभा नाही. शास्त्र कसं चालतं तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं."

धारेच्या वाटेवर

मामींना धारेच्या देवीचा नवस फेडायचा होता, म्हणून त्या आमच्याबरोबर निघाल्या. इंदूर मागे टाकून बेटम्याच्या पुढे गेलो आणि भर उन्हात टांग्याचा आस मोडला. आम्ही दोघी एका लिंबाखाली बसलो. टांगेवाला घोडा सोडून जाईना. तेव्हा हे मदत बघायला एकटेच चालत निघाले, आणि छत्री मात्र आमच्याजवळ विसरून गेले. परत आले ते एका बैलगाडीतून, आडवे पडून. तोंड लाल, ओठ कोरडे, बोलायला गेले तर आवाजच नाही. लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली होती.

गाडी ज्याची होती तो त्या सरदारांच्याच जहागिरीतल्या एका गावचा पटेल निघाला. उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याने गाडीतली कडब्याची पेंढी सारखी केली, ह्यांच्या डोक्यावर ओलं फडकं ठेवलं आणि आम्हाला वर घेतलं. आम्ही कोण, कुठे चाललो, हे मामींनी त्याला सांगताच तो बैल हाकायचा थांबला.

"तो पाणी की बात करने वाळा येज है?" तो म्हणाला. मग माझ्याकडे वळून, "बई, अबके पाणी आवेगो कि नी?"

तोही त्याच सभेला निघाला होता. वाटेत त्याने सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमचं व्याख्यान नुसतं व्याख्यान नव्हतं. जहागिरीच्या पेवांमध्ये, जमिनीखालच्या कोठारांत, दोन सालांची ज्वारी साठवलेली होती. सरदारांच्या कारभाऱ्यांना ती पावसाआधी, भाव तेज आहे तोवर, विकायची होती. गावोगावचे पटेल विरोधात होते. तेव्हा पटेलांची समजूत घालायला मुंबईहून शास्त्र जाणणारा माणूस बोलवायचा, त्याच्या तोंडून पाऊस चांगला येणार असं सर्वांसमोर वदवायचं, आणि पेवं उघडायची, असा बेत होता.

"आणि पाऊस नाही आला तर?" मी विचारलं.

पटेलाने फक्त "छप्पन" एवढा एक शब्द म्हटला आणि बैलांना हाक दिली. संवत छप्पनच्या दुष्काळाला तेव्हा पुरती दहा वर्षंही झाली नव्हती. माळव्यात तो शब्द उच्चारल्यावर पुढे काही सांगावं लागत नाही.

धार

धारेचा किल्ला लाल दगडाचा. संध्याकाळच्या उन्हात तो आतून पेटल्यासारखा दिसला. गावाभोवतीचे तलाव आटत आले होते, आणि उघड्या पडलेल्या गाळात म्हशी बसल्या होत्या. यापेक्षा जास्त धार मला त्या दिवशी दिसली नाही, कारण सरदारांच्या पाहुण्यांच्या बंगल्यात पोचल्यापासून मामी आणि मी ह्यांच्या अंगावर ओल्या चादरी बदलत होतो. कैऱ्या उकडून त्याचं पन्हं चमच्याचमच्याने पाजलं. ताप उतरेना. आवाज तर अजिबात नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कारभारी आले. गोरे, नीटनेटके, बोलणं अतिशय गोड. ह्यांची विचारपूस झाली, वैद्य पाठवतो म्हणाले आणि खरंच पाठवला. मग म्हणाले, "सभा मात्र पुढे ढकलता येत नाही, वहिनीसाहेब. उज्जैनचे व्यापारी भाव ठरवून येऊन बसलेत. साहेबांना बोलवत नाही, तर असं करू. त्यांच्या नावाने दोन ओळी लिहू, यंदा पर्जन्यमान समाधानकारक दिसतं, एवढंच. मी वाचून दाखवतो."

"तसं दिसत नाही," मी म्हणाले.

ते हसले. "आपल्याला कसं ठाऊक?"

"आकडे मी मांडलेत."

त्यांचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "साहेब शुद्धीवर आले की त्यांनाच विचारतो."

"ते उठेपर्यंत त्यांच्या नावाने एक अक्षर वाचलं जाणार नाही. सभा व्हायचीच असेल तर मी येते. मी बोलते."

"सभेत? आपण?"

"हो."

कारभारी गेल्यावर मामी माझ्यावर तुटून पडल्या. "पागल झालीस का तू? पुरुषांच्या बैठकीत? देवासपर्यंत बोभाटा होईल! आणि ह्याची नोकरी गेली म्हणजे?"

"नोकरी ह्यांची आहे मामी, माझी नाही. मला कोणी बोलू नको म्हटलेलं नाही."

मामींनी ट्रंक उघडून देवीसाठी आणलेलं आपलं जरीकाठी लुगडं बाहेर काढलं. "बोलायचंच ठरवलंस तर त्या चुरगळलेल्या लुगड्यात नको उभी राहूस. देवीला मी दुसरं नेसून जाईन."

सभा

दिवाणखान्याच्या एका बाजूला चिकाचे पडदे सोडले होते. त्यामागे घरच्या बायका. ह्यांच्याजवळ वैद्याला बसवून मामी माझ्यासोबत आल्या होत्या. कारभाऱ्यांनी आम्हालाही तिथेच बसवलं आणि मला म्हणाले, आतूनच बोला. मी आत बसले, समोर पाहिलं. व्यापारी, मानकरी, दाराजवळ उकिडवे बसलेले पटेल. पडद्यातून मला सगळे दिसत होते, पण त्यांना मी दिसत नव्हते. मला वाटलं, बोलणारी व्यक्ती दिसली नाही तर शब्द कोणाचे, हे उद्या कोणीही काहीही सांगेल. मी उठले आणि पडदा बाजूला करून बाहेर आले. पदर डोक्यावर होता. मामी साक्षीला आहेत.

कुजबूज झाली. कारभारी पुढे झाले, पण सरदारसाहेबांनी हात वर केला. चाळिशीचे, बुटके, थोडे लाजाळू गृहस्थ. "लांबून आल्यात. बोलू द्या," एवढंच म्हणाले.

घाबरले होते हे लपवत नाही. पण आवाज आला.

मी म्हटलं, जमीन ही तव्यासारखी असते. चटकन तापते, चुलीवरून उतरवली की चटकन निवते. समुद्र हा न्हाणीघरातल्या बंबासारखा. तापायला वेळ लागतो, पण एकदा तापला की विस्तव विझल्यावरही कितीतरी वेळ पाणी कढत राहतं. म्हणून आज तवा तापलेला आहे एवढ्यावरून दोन महिन्यांनी काय होईल ते सांगता येत नाही. बंबाला हात लावून मात्र थोडंफार सांगता येतं. आपला पाऊस त्या बंबाच्या वाफेतून आणि त्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यातून येतो. पृथ्वीच्या मध्यावरच्या समुद्रावर चैत्रातच पाऊस अती कोसळला, तर आपल्याकडे येणारे वारे बहुधा लंगडत येतात. महासागराच्या त्या टोकाला हवेचा दाब वाढला की आपल्या टोकाला उतरतो, तराजूच्या दोन पारड्यांसारखा. आपलं पारडं कुठे आहे ते त्या टोकाच्या पारड्यावरून कळतं.

तवा आणि बंब ऐकून दोघे-तिघे हसले होते. एक व्यापारी म्हणाला, "बाईसाहेब, समंदर इथून किती दूर! हमारी ज्वार को उससे क्या?"

"तुमच्या विहिरीतलं पाणी तिथूनच आलंय," मी म्हणाले. "तुम्ही कधी समुद्राकडे गेला नाहीत, पण तो दर वर्षी तुमच्याकडे येतो. एखाद्या वर्षी येत नाही, तेव्हा काय होतं ते मी सांगायला नको."

दाराशी बसलेले पटेल सरसावून बसले.

मग कारभाऱ्यांनी तो प्रश्न विचारला. "शास्त्र फार छान समजावलंत. आता एकच सांगा. यंदा पाऊस चांगला पडेल की नाही?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

दिवाणखाना हसला. चांगला पोट धरून हसला. कारभारी मागे वळून सरदारांकडे बघत म्हणाले, "मग इतका वेळ आपण काय ऐकलं?"

मी हसणं संपेपर्यंत थांबले. राग आला होता, आणि रागाने भीती गेली.

"हसून झालं असेल तर पुढचं सांगते. पडेल असं मी म्हणत नाही, पडणार नाही असंही म्हणत नाही. तीन खुणा आम्ही बघतो. समुद्रावरचा पाऊस, दूरचा दाब, आणि हिमालयावरचं बर्फ, जे फार साचलं तर पाऊस उणा पडतो. यंदा पहिल्या दोन वाईट आहेत, तिसरी बरी आहे. अशा वर्षी पाऊस उणा पडल्याचं पुष्कळदा दिसलंय, पण चांगला पडल्याचंही दिसलंय. घरात माणूस तापाने पडलाय, वैद्य म्हणतो, सांगता येत नाही. त्या दिवशी तुम्ही घरातलं औषध विकायला काढता का? वैद्याला छातीठोक सांगता आलं नाही म्हणून हसता, की औषध जपून ठेवता?"

"हे सरकारी अनुमान समजायचं का?" कारभाऱ्यांनी विचारलं. गोडवा संपला होता.

"नाही. सरकारचा यात संबंध नाही आणि माझ्या यजमानांचाही नाही. हे माझं आहे. खोटं ठरलं तर मला नावं ठेवा."

तेवढ्यात आमचा पटेल उठून उभा राहिला. सरदारांसमोर तो असा न विचारता बहुधा कधीच उभा राहिला नसावा, कारण शेजारचा त्याचं धोतर ओढून त्याला खाली बसवत होता. तो बसला नाही. "मालक," तो म्हणाला, "छप्पन में बी सब छाती ठोक के बोल्या था, पाणी आवेगो. या बई पेली है जो बोले, म्हने नी मालूम." मला माहीत नाही असं म्हणणारी मी पहिलीच, असं त्याचं म्हणणं. तो तसाच उभा राहिला, आणि त्याच्यामागे एक एक करून बाकीचे पटेलही उभे राहिले.

सरदारसाहेबांनी उभ्या राहिलेल्या पटेलांवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "भादवा लागेपर्यंत पेवं बंद राहतील." आणि उठून आत गेले.

परतताना

संध्याकाळी कारभारी पुन्हा आले. ह्यांचा ताप उतरला होता, उशाला टेकून बसले होते. कारभारी म्हणाले, "साहेब, आपल्या गैरहजेरीत घोटाळा झाला. बायकांचं बोलणं, चूक व्हायचीच. आपण दोन शब्द दुरुस्तीचे सांगावेत."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय बोललीस?"

मी सगळं सांगितलं, "माहीत नाही" सकट. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या क्षणी हे काय म्हणतील याचा मला खरंच अंदाज नव्हता. त्यांचा आवाज फाटलेला, कुजबुजल्यासारखा होता.

"मी इतकं स्पष्ट बोललो नसतो," ते म्हणाले. "मला ते जमलं नसतं. पण दुरुस्त करण्यासारखं यात काही नाही."

कारभारी निघून गेले. मग हे मला म्हणाले, "बर्फाची खूण तू तिसरी सांगितलीस. मी पहिली सांगितली असती." याला आमच्या घरात शाबासकी म्हणतात.

निघण्याआधी मामींचा नवस फेडायला देवीच्या टेकडीवर गेलो. मामी साध्या सुती लुगड्यात होत्या. पुजाऱ्याने ओटी स्वीकारली आणि माझ्याकडे वाकून पाहत विचारलं, "याच का त्या, समुद्रवाल्या?" मामी ताठ उभ्या राहिल्या. "हां, याच. माझ्या भाच्याची बायको आहे," त्या म्हणाल्या. ज्या बोभाट्याची त्यांना धास्ती होती, तो आता त्या स्वतःच पुढे नेत होत्या.

आता शेवट, ज्यासाठी मुंबईत माझी थट्टा चालली आहे.

त्या साली माळव्यात पाऊस चांगला पडला. थोडा उशिरा सुरू झाला, पण पडला, आणि भरपूर पडला. पेवांतल्या ज्वारीचा भाव बसला. कारभाऱ्यांनी निरोप पाठवला की मुंबईच्या विदुषीबाईंच्या कृपेने जहागिरीचं नुकसान झालं, समुद्राला नमस्कार सांगा. तो निरोप त्यांनी फक्त मला पाठवला नाही, वाटेत भेटेल त्याला ऐकवत पाठवला. आमच्या आळीपर्यंत तो असाच पोचला.

देवासहून मामींनी दुसरा निरोप दिला. तो पटेल बाजाराला आला तेव्हा मुद्दाम त्यांच्या दारी येऊन गेला. म्हणाला, छप्पननंतर पहिल्यांदा आभाळाकडे बघताना आमच्या गावात कोणी रडलं नाही. पेवात दाणा होता, मग पाणी दोन दिवस मागेपुढे झालं तरी झोप लागत होती.

मंडळातल्या एक बाई परवा मला म्हणाल्या, "तुमचं अनुमान चुकलं, तेव्हा तुम्हाला फार लाज वाटली असेल." मी त्यांना विचारलं, मी काय अनुमान केलं होतं ते सांगा. मी अनुमान केलंच नव्हतं. मी म्हणाले होते की माहीत नाही, आणि ज्याला माहीत नसतं त्याने कोठार रिकामं करू नये. पाऊस आला म्हणून ते खोटं होत नाही.

यंदाही बोटींचे आकडे येऊ लागले आहेत. धारेहून बोलावणं आलेलं नाही, आणि कारभारी असेतो येणारही नाही. पण उद्या कोणी, कुठल्याही गावाहून, बोलावलं तर मी जाईन. पडद्याबाहेर उभी राहीन. आणि मला माहीत नसेल तेव्हा "माहीत नाही" असंच सांगेन, ज्यांना हसायचं असेल त्यांचं हसून होईपर्यंत थांबेन, आणि मग पुढचं बोलेन.